जिन्याजवळची पेटी आणि फायबरचा वळसा

सांगलीच्या गावभागातील आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथे उजव्या हाताच्या भिंतीत, एक लोखंडी पेटी पुरलेली आहे. तिची रुंदी १२ इंच, उंची १४ इंच आणि खोली अवघी ४ इंच आहे. विजेचे वायरिंग सोडले तर घरातील बाकी सगळ्या तारा, म्हणजे टीव्हीच्या, दूरध्वनीच्या आणि खोल्याखोल्यांतून येणाऱ्या इंटरनेटच्या, या एका पेटीत येऊन मिळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. त्या पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, एवढे सांगितले म्हणजे पाण्याची कल्पना येईल. पूर ओसरल्यावर डागडुजी करताना आमच्या वायरमननी मीटरपासून सगळे वर नेले आणि जिन्यापाशी जी काही भिंत मोकळी होती तिच्यात ही पेटी बसवली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले, तेव्हा तिच्या तळापर्यंतही ओल पोहोचली नाही. त्यामुळे पेटी लहान आहे ही तक्रार मी कधी केली नव्हती. ती जिथे आहे तिथे आहे याचेच आम्हाला मोल होते.

गेल्या मार्चमध्ये घरी फायबर, म्हणजे काचेच्या बारीक धाग्यातून प्रकाशाने येणारे इंटरनेट, घ्यायचे ठरले, तेव्हा मात्र तिचे माप प्रथमच मनावर आले. माझी मुलगी पुण्यातील कंपनीचे काम घरून करते आणि तिच्या दिवसभराच्या बैठकांना जुनी जोडणी पुरेनाशी झाली होती. पेटी उघडून पाहिली तर आत टीव्हीच्या चार जाड केबली आणि त्यांना एकच संदेश वाटून देणारा स्प्लिटर, जुन्या दूरध्वनीच्या तारा जिथे जोडतात ती क्रोन पट्टी, चार खोल्यांतून आलेल्या इंटरनेटच्या कॅट सिक्स केबली आणि प्रत्येकीची हातभर शिल्लक गुंडाळी एवढे सामान होते. या गर्दीत एक ओएनटी, खोल्यांच्या केबली एकत्र जोडणारा आठ पोर्टचा, म्हणजे आठ भोकांचा, स्विच आणि फायबरची तार एवढे आणखी बसवायचे होते. ओएनटी म्हणजे तारेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करणारे उपकरण; घरोघरी त्याला मोडेमच म्हणतात.

फायबरचे काम करणारा तरुण सकाळी आला आणि दुपारपर्यंत जोडणी सुरू करून गेला. त्याच्या कामात सफाई होती. कनेक्टर लावण्यापूर्वी त्याने त्याचे टोक स्पिरिटच्या कागदाने पुसले, टोकाकडे डोळ्याने पाहू नका, कारण त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो, असे मला बजावून सांगितले, आणि मीटरवर प्रकाशाची पातळी दाखवली. ती उणे १९.६ डीबीएम होती; डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचे माप, आणि उणेपुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. ओएनटीला साधारण उणे २७ पर्यंत चालते, तेव्हा हा आकडा उत्तम, असे तो म्हणाला. मग ओएनटी पेटीत तिरपे सरकवून, उरलेल्या तारेची गुंडाळी करून ती प्लास्टिकच्या टायने आवळून वरच्या मोकळ्या कोपऱ्यात त्याने बसवली. तो गेला आणि मी पेटीचे दार लावले.

त्या दुपारपासून मुलीच्या बैठका तुटू लागल्या. वर जाऊन पेटी उघडावी तर काही क्षणांत सगळे सुरळीत होई, हिरवे दिवे लागलेले दिसत. दार लावून खाली यावे तर पुन्हा तेच. लोखंडी पेटीत वायफाय कोंडले जात असणार, असे माझे पहिले अनुमान होते, आणि ते चुकीचेही नव्हते, कारण लोखंडाचे बंद दार रेडिओ लहरी अडवतेच. पण या खऱ्या कारणाआड दुसरे खरे कारण दडले होते आणि ते वेगळे काढायला आम्हाला पूर्ण दिवस लागला. शेवटी मुलीने वायफाय बंद करून लॅपटॉप तिच्या खोलीतील भिंतीवरच्या सॉकेटला केबलने जोडला आणि ओएनटीचे आतील पान, म्हणजे लॅपटॉपवर दिसणारे त्याच्या माहितीचे पान, उघडून प्रकाशाच्या आकड्यावर नजर ठेवली. मी वर उभी राहून दार उघडत आणि लावत राहिले. दार उघडे असताना आकडा उणे १९.६ होता, दार लावले की तो उणे २८ च्या आसपास हेलकावे खाई आणि जोडणी तुटे. डीबीएमच्या हिशेबात ३ ने घट म्हणजे प्रकाश निम्मा होणे. इथे घट ८ च्या वर होती, म्हणजे सुमारे सातवा हिस्साच प्रकाश ओएनटीपर्यंत पोहोचत होता.

दुसऱ्या दिवशी तो तरुण पुन्हा आला. त्याने दाराच्या आतल्या बाजूला बोट फिरवले. कुलपाच्या खिट्टीचा स्क्रू तिथे अर्धा इंच आत आलेला होता आणि दार लागताच तो बरोबर त्या आवळलेल्या गुंडाळीवर रुतत होता.

"काकू, हा स्क्रू बघा. तार दाबली जात होती."

"तुटली का रे आतून?"

"नाही, तुटली असती तर दार उघडल्यावर परत लागलीच नसती. नुसती मुडपत होती."

मुडपण्याने प्रकाश का गळतो हे मला त्याच्याकडून समजले आणि नंतर मी ते वाचूनही घेतले. काचेचा तो धागा १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, आपल्या केसाएवढा म्हणता येईल, आणि प्रकाश जातो तो गाभा त्यातही सुमारे ९ मायक्रॉनचाच असतो. धागा हळुवार वळला तर प्रकाश गाभ्याच्या आतच परावर्तित होत पुढे जातो. वळण फार तीव्र झाले की त्यातला काही भाग गाभ्याबाहेर निसटतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश या वळणांवर अधिक गळतो. आपल्याकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे मुडपलेल्या तारेचा फटका आधी येणाऱ्या बाजूला बसतो. घराच्या आत वापरण्यासाठी जी.६५७ जातीचा धागा मिळतो आणि त्याचा ए१ प्रकार १० मिलिमीटर त्रिज्येचे वळण सोसतो, जुन्या जी.६५२ जातीला मात्र ३० मिलिमीटर त्रिज्या द्यावी लागते. आमच्या तारेवर जात छापलेली नव्हती. म्हणून ती जुनीच आहे असे धरून चालायचे मी ठरवले, आणि तिथून पुढे सगळ्या पेटीची मांडणी त्या ३० मिलिमीटरभोवती करायची, हेही त्याच वेळी पक्के झाले.

मला शिवणकाम येते. ब्लाउज बेतताना आपण आधी कागद कापतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. तेच मी इथे केले. वर्तमानपत्रावर पेटीचा १२ बाय १४ इंचांचा आतला आयत कापला. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून ओएनटीचा ७ बाय ५ इंचांचा, स्विचचा ६ बाय ४ इंचांचा आणि क्रोन पट्टीचा असे तुकडे कापले. मग आमटीची वाटी उपडी ठेवून तिच्या काठाभोवती पेन्सिल फिरवली. वाटीचा व्यास साडेसात सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३७ मिलिमीटर, तारेला हवी त्याहून थोडी जास्तच. हे वर्तुळ मी प्रथम कागदावर ठेवले आणि बाकीचे तुकडे त्याच्या कलाने सरकवत गेले. कनेक्टर आणि त्याच्या मागची रबरी शेपटी मिळून पाच-सहा सेंटिमीटर सरळच राहावी लागते, तिथे वळण देता येत नाही, हे त्या तरुणाने आवर्जून सांगितले होते. म्हणून ओएनटीच्या खालच्या कडेपासून आणखी एक पट्टी रिकामी सोडली. ही सरळ पट्टी लोक विसरतात असे मला वाटते. उपकरण बसते की नाही हे सगळे मोजतात. त्याला लागणारा प्लग बसतो की नाही हे मोजत नाहीत.

मांडणी तीन वेळा बदलली. ओएनटी उभे ठेवून पोर्ट दाराकडे करावेत, म्हणजे हात घालायला सोपे, हा पहिला विचार होता. पण पेटी ४ इंच खोल आणि ओएनटीची रुंदी ५ इंच, तेव्हा तो कागदावरच निकालात निघाला. शेवटी ओएनटी वरच्या अर्ध्या भागात पाठीला चिकटून, पोर्ट खाली करून. त्याच्या डाव्या खालच्या अंगाला वाटीचे वर्तुळ. उजवीकडे उभा स्विच. आणि तळाला क्रोन पट्टी, असा बेत ठरला. टीव्हीचा स्प्लिटर पेटीबाहेर जिन्यावरच्या फळीमागे गेला, कारण चारपैकी दोनच खोल्यांत आता टीव्ही उरले आहेत. कॅट सिक्सच्या गुंडाळ्या सोडवून प्रत्येकीची वीतभर तार ठेवली आणि बाकीची मागे पाइपात परत ढकलली. कापून टाकावी असा वायरमनचा आग्रह होता, पण एकदा कापलेली तार परत लांब होत नाही आणि टोक बिघडले तर नवे टोक घालायला ती शिल्लकच उपयोगी पडते.

फायबरची उरलेली तार त्याच वाटीभोवती गुंडाळली, वाटी अलगद काढून घेतली आणि वेढे तीन ठिकाणी व्हेल्क्रोच्या पट्टीने सैल धरले. प्लास्टिकचा टाय काचेच्या तारेला लावू नये. तो एक खाच जास्त ओढला गेला तरी तार दाबतो आणि ते बाहेरून कळत नाही. हे वेढे पेटीच्या पाठीला सपाट चिकटलेले असल्याने खोलीपैकी बोटभरही जागा त्यांनी घेतली नाही. दाराच्या आतला तो स्क्रू कापून त्याचे टोक कानशीने घासून घेतले.

पेटीत काय ठेवायचे याइतकाच पेटीत काय ठेवायचे नाही याचाही निर्णय घ्यावा लागला, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. वायफाय तिथे नको हे उघडच होते. आम्ही ओएनटीचे वायफाय बंद केले आणि वेगळा राउटर मधल्या खोलीच्या माळ्यावर, घराच्या साधारण मध्यभागी, ठेवला. तो केबलने ओएनटीला जोडला आहे. अशा जोडणीत ओएनटीने फक्त प्रकाशाचे रूपांतर करावे आणि बाकी सगळे काम राउटरने करावे, यासाठी ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावे लागते. नाहीतर दोन उपकरणे एकाच वेळी घरातल्या लॅपटॉप-फोनना नेटवर्कचे पत्ते देऊ लागतात आणि मुलीच्या कार्यालयाच्या जोडणीसारख्या गोष्टी अडतात. जोडणी देणाऱ्या कंपनीने आधी हे होत नाही असे सांगितले, मग चार वेळा दूरध्वनी केल्यावर आठव्या दिवशी करून दिले. हे काम त्यांच्या बाजूने काही मिनिटांचे असते. ज्याच्या घरी पेटी लोखंडी आहे त्याने जोडणी घेण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे, ॲडॅप्टर. ओएनटीचा १२ व्होल्टचा आणि स्विचचा ५ व्होल्टचा असे दोन ठोकळे पेटीत घालायचे म्हटले तर २३० व्होल्टची वीजही त्याच पेटीत आणावी लागली असती. ते मला नको होते. डेटाच्या तारा आणि विजेच्या तारा एका पाइपातून नेऊ नयेत, पेटीही एक असू नये, हे वायरमनचेही म्हणणे होते. त्यांनी शेजारच्या भिंतीवर सॉकेटचा वेगळा बॉक्स दिला आणि तिथून फक्त कमी दाबाच्या दोन बारीक तारा छोट्या पाइपातून पेटीत घेतल्या. एक धोका मात्र इथे शिल्लक राहतो. दोन्ही तारांच्या टोकाची गोल पिन दिसायला तंतोतंत सारखी आहे आणि १२ व्होल्टची पिन ५ व्होल्टच्या स्विचमध्ये सहज शिरते. शिरली की स्विच गेलाच म्हणायचे. म्हणून १२ व्होल्टच्या तारेला पिनेपासून चार बोटे लाल चिकटपट्टी आणि ५ व्होल्टच्या तारेला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि तेच रंग उपकरणांच्या भोकांशेजारी लावले. वीज गेल्यावर चालू राहावे म्हणून घेतलेला छोटा बॅटरी संचही याच कारणाने बाहेर, हवेशीर फळीवर ठेवला. त्यात लिथियमचे सेल असतात आणि बंद गरम पेटी ही त्यांची जागा नव्हे.

दूरध्वनीचा भाग माझ्या सासूबाईंसाठी. त्यांचा जुना क्रमांक आता फायबरवरूनच येतो आणि ओएनटीला त्यासाठी वेगळे भोक असते. त्यातून एक तार क्रोन पट्टीवर आणली की घरातील जुनी दूरध्वनीची वायरिंग जशीच्या तशी वापरता येते आणि सासूबाईंच्या खाटेशेजारचा दूरध्वनी हलवावा लागत नाही. फक्त त्याआधी रस्त्यावरून येणारी जुनी तांब्याची जोडी पट्टीवरून सोडवून टाकावी लागते, कारण ओएनटी स्वतःच त्या वायरिंगला दाब पुरवते आणि दोन्ही बाजूंनी दाब येता कामा नये. ती जोडी सोडवताना मला थोडे वाईट वाटले. तिच्यावरून आमच्या घरात पस्तीस वर्षे बऱ्यावाईट बातम्या आल्या होत्या. पण वळवाच्या पावसात त्याच तारेवरून विजेचा लोळ येऊन आमचे दोन मोडेम जळाले, हेही तितकेच खरे.

त्यावरून एक गोष्ट आठवली ती इथेच सांगते. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या चपट्या ड्रॉप केबलीत आधारासाठी बहुधा एक पोलादी तार असते. ती उपकरणापर्यंत आणू नये. आमच्याकडे ती गच्चीच्या कठड्यापाशी हुकाला बांधून तिथेच तोडली आहे आणि पुढे केवळ धाग्याची बारीक केबल आत घेतली आहे. शिवाय घरात शिरण्यापूर्वी केबलीला खाली एक झोळ दिला आहे, म्हणजे पावसाचे पाणी तिच्या अंगावरून ओघळत भोकात न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.

सगळे बसल्यावर वेग मोजला. आमची जोडणी २०० एमबीपीएसची आहे. तीन खोल्यांत तेवढा वेग मिळाला आणि मुलीच्याच खोलीत ९४ वर अडकला. ९४ हा आकडा पाहिला की फायबरला दोष देऊ नये. कॅट सिक्सच्या आठ तारांपैकी चारच नीट जुळल्या तर जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते आणि त्यातून प्रत्यक्ष हाती ९४-९५ लागतात. त्यावर जायला आठही तारा लागतात. टेस्टर लावल्यावर तपकिरी जोडीचे दिवे लागले नाहीत. पेटीच्या बाजूचे टोक कापून पुन्हा घातले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तार मागे ठेवली होती ती इथे कामी आली.

राहिली उष्णता. एप्रिलच्या एका दुपारी जिन्यापाशी ३४ अंश असताना बंद पेटीत थर्मामीटर ठेवला, तर तीन तासांनी पारा ४७ वर गेला. ओएनटीच्या मागे ० ते ४० अंश असे छापलेले आहे. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून आम्ही जुन्या सपाट दाराच्या मापाचे जाळीचे दार करून घेतले, वर आणि खाली पट्टीभर भाग जाळीचा आणि मधला भाग भरीव, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून थंड शिरते. त्यानंतर तशाच दुपारी ३८ अंश भरले. जाळी आली की पाली आणि मुंग्याही येतात, कारण त्यांना उबदार जागा आवडते; तेव्हा जाळीला आतून मच्छरदाणीचे कापड लावले आणि पाइपांची तोंडे स्पंजच्या तुकड्यांनी बुजवली.

दाराच्या मधल्या भरीव भागावर आतून एक कागद चिकटवला आहे. कोणती केबल कोणत्या खोलीची, लाल आणि पिवळ्या पट्टीचा अर्थ, आणि त्याखाली तारखेनिशी प्रकाशाचा आकडा. पहिली नोंद दार लावून घेतलेली आहे: उणे १९.६. पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या आधी, मुलीने पुन्हा पान उघडून दुसरी नोंद लिहिली, ती उणे १९.८ अशी आहे. कागदावर आणखी आठ ओळी रिकाम्या आखून ठेवल्या आहेत.